पिकल्या वयाचा बाजार

मराठीत ज्येष्ठांच्या बाजारपेठेची चर्चा निघाली की ती पुण्या-मुंबईत सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. ज्येष्ठांसाठी बांधलेली गृहसंकुले, त्यांना झेपतील अशा सहली, गुडघ्याचे पट्टे, मोठ्या बटणांचे मोबाइल, आरोग्यविमा. या सगळ्यामागे एक गृहीत असते: आयुर्मान वाढले, म्हाताऱ्यांची संख्या वाढली, म्हणून बाजाराचे तिकडे लक्ष गेले. २०११च्या जनगणनेत साठीपुढची माणसे देशात दहा कोटींच्या वर होती, हे खरेच आहे. पण संख्या वाढली आणि मागोमाग बाजार आला, हा क्रम तपासून पाहावा लागतो. तो तपासायला आदिलाबाद शहराला खेटून, श्रीनगर ते कन्याकुमारी जाणाऱ्या महामार्गावर वसलेला मावला परिसर सोयीचा आहे. २०१६च्या ऑक्टोबरात तेलंगणाने जिल्हे आणि मंडले नव्याने आखली, तेव्हा मावला स्वतंत्र मंडल झाले. मराठी, तेलुगू, गोंडी आणि उर्दू एकाच आठवडी बाजारात कानावर पडणाऱ्या या पट्ट्याचा गेल्या शंभर वर्षांचा अनुभव असा, की म्हाताऱ्या माणसाला बाजाराने केवळ वयामुळे कधीच ओळखले नाही. तो बाजाराला दिसला तीन वाटांनी. कधी एखादी वस्तूच आपल्या गिऱ्हाइकाबरोबर म्हातारी झाली, कधी कुणीतरी दारात जाऊन त्याची अडचण मोजली, आणि कधी त्याच्या स्वतःच्या नावावर दर महिन्याला पैसा येऊ लागला. यांतल्या शेवटच्या दोन वाटांनीच त्याला खऱ्या अर्थाने गिऱ्हाईक केले, आणि त्या दोन्ही बाजाराने काढलेल्या नव्हत्या.

आधी म्हातारपणाची जुनी तरतूद काय होती ते पाहू. आदिलाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे त्याचे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि आदिलाबाद, मावला, बेला, जैनद ही मराठी वस्तीची गावे आंध्र प्रदेशात राहिली. निजामाच्या राज्यात म्हातारपणी हातात नियमित पैसा यायचा तो सरकारी चाकरीतून निवृत्त झालेल्यांच्या. त्याला वजिफा म्हणत. पाटील, पटवारी, देशमुख, देशपांडे यांच्या मागे वतन आणि इनाम जमीन होती. शेतकऱ्याच्या मागे जमीन होती आणि ती सातबाऱ्यावर किंवा पहाणीत त्याच्या नावे असेपर्यंत घरात त्याचा शब्द चाले. ज्याच्या मागे यातले काहीच नव्हते त्या सालगड्याची आणि मजुराची म्हातारपणाची तरतूद म्हणजे हलके काम: गुरे राखणे, पीक राखणे, कापूस वेचणे, नातवंडे सांभाळणे. एकत्र कुटुंबात म्हाताऱ्यांचा मान होता, त्यांना पैशाची गरज नव्हती, असा आक्षेप इथे हमखास येतो. मान होता हे नाकारायचे कारण नाही. पण तो कुणाला होता, हे विचारले की उत्तर बहुतेक वेळा जमिनीपाशी जाऊन थांबते. भूमिहीन घरातल्या म्हातारीला मान मिळाला तरी तिच्या गाठीला चार आणे नसत. चष्मा, औषध किंवा पंढरीची वाट यांतले काहीही तिला मागून घ्यावे लागे. आईवडिलांच्या चरितार्थाची सक्ती करणारा कायदा संसदेला २००७ साली करावा लागला, यावरूनही परंपरेच्या भरवशाची ताकद कळते.

या काळात म्हाताऱ्यांसाठी म्हणून काही विकले जातच नव्हते असे नाही. आठवडी बाजारात तपकीर होती, मिस्री होती, पानाची चंची आणि अडकित्ता होता, तुळशीची माळ आणि बुक्का होता. त्यातली सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे नऊवारी लुगडे. या भागाला लुगडी-धोतरे पुरवणारी बाजारपेठ उत्तरेला नागपूर आणि पश्चिमेला नांदेड अशी होती. नागपूर-उमरेडकडच्या कोष्ट्यांचे माग, १८७७ साली सुरू झालेली नागपूरची एम्प्रेस मिल आणि नांदेडची उस्मानशाही मिल ही त्या बाजारपेठेची ठळक नावे. तेव्हा लुगडे सगळ्याच वयाच्या बायका नेसत. मुलींच्या पिढीने पाचवारी-सहावारी साडी धरली आणि आया लुगड्यातच राहिल्या. लुगड्याची मागणी म्हणजे म्हाताऱ्यांची मागणी झाली ती अशी, कुणी ठरवून नव्हे. एकेकाळी कापड दुकानाच्या पुढच्या फळीवर असलेले लुगडे मागच्या कप्प्यात गेले, नक्षी आणि रंग मोजकेच उरले, आणि दुकानदार ते ठेवतो ते जुनी गिऱ्हाइके तुटू नयेत म्हणून. धोतराची आणि गांधी टोपीची कथाही हीच. ही पहिली वाट. तिच्यात ग्राहकाची समजूत नसते, सवय असते, आणि ती पिढी सरली की व्यापारही सरतो. आजही पुष्कळ दुकानदारांच्या डोळ्यांसमोर वृद्ध ग्राहक येतो तो याच रूपात: जुन्या वस्तूला चिकटलेला, नवे काही न घेणारा, घासाघीस करणारा. तो नवे घेत नाही की त्याला झेपेल असे नवे कुणी आणतच नाही, हे मात्र विचारले जात नाही.

तो प्रश्न या भागात पहिल्यांदा पद्धतशीरपणे विचारला गेला तो डोळ्यांच्या बाबतीत. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था १९८७ साली सुरू झाली. नव्वदीच्या दशकात तिने खेड्यात पाऊल टाकले, तेव्हा पहिले ग्रामीण केंद्र काढले तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मुधोळला. बासरजवळचा, नांदेडला लागून असलेला हा भाग मराठी बोलणाऱ्यांचा, आणि केंद्राचे नावही भोसले गोपाळराव पटेल यांचे. त्याच सुमारास, १९९६ ते २००० या काळात, आंध्र प्रदेशात डोळ्यांच्या आजारांची मोठी पाहणी झाली. हैदराबादचा शहरी भाग आणि तीन ग्रामीण भाग निवडले गेले, त्यांत आदिलाबाद जिल्हा होता. १०,२९३ माणसे तपासली गेली. अंधत्वाचे प्रमाण १.८४ टक्के निघाले, आणि त्यातले ४४ टक्के मोतीबिंदूमुळे व सुमारे १६ टक्के केवळ चष्म्याचा नंबर न मिळाल्यामुळे होते. म्हणजे दृष्टी गेलेल्या दहांपैकी सहा माणसांना दिसू शकले असते, एक शस्त्रक्रिया किंवा एक चष्मा मिळाला असता तर. गरज होती, उपाय होता, आणि दोघांची गाठ पडत नव्हती.

गाठ का पडत नव्हती, याचे उत्तर पैशाच्या एका शब्दात संपत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तेव्हा शिबिरांत फुकट होत होती. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६पासून चालू होता आणि जागतिक बँकेच्या मदतीचा मोतीबिंदू प्रकल्प १९९४पासून आंध्र आणि महाराष्ट्रासह सात राज्यांत चालला. तरीही म्हातारी माणसे घरीच राहत. मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकू द्या, असे चारचौघे सांगत. गावापासून दवाखाना दूर, आणि सोबत न्यायला घरातल्या एका कमावत्या माणसाची मजुरी बुडायची. कापूस वेचणीच्या दिवसांत तर ते शक्यच नसे. डोळा गमावण्याची भीती होती. आणि सर्वांत खोलवरची अडचण म्हणजे, या वयात दिसून तरी काय करायचे आहे, ही घरच्यांची आणि त्यांची स्वतःचीही समजूत. कायम चालणाऱ्या छोट्या केंद्रांची कल्पना या अडचणी एकेक करून सोडवणारी होती. सुमारे पन्नास हजार वस्तीमागे एक दृष्टी केंद्र, त्यात आसपासच्याच गावांतला प्रशिक्षित तरुण, तिथेच नंबर काढून चष्मा, गरज असेल त्यालाच पुढच्या रुग्णालयात पाठवणे, ज्याला परवडते त्याच्याकडून पैसे आणि ज्याला नाही त्याला मोफत. विक्रीशास्त्राची पुस्तके ज्याला ग्राहक समजून घेणे म्हणतात ते याहून वेगळे नाही. वस्तू कोणती विकायची याआधी गिऱ्हाईक उंबऱ्याबाहेर का पडत नाही, हे इथे मोजले गेले. पुढे २०१८च्या १५ ऑगस्टला तेलंगण सरकारने कंटी वेलुगू ही गावोगाव डोळे तपासून चष्मे देणारी मोहीम काढली, तीही दारापर्यंत जाण्याच्याच मार्गाने. चष्म्याच्या दुकानांनी हे आधी का केले नाही, याचे उत्तर सरळ आहे: ज्याच्या हातात पैसा नाही त्याच्या दारात व्यापारी जात नाही.

तो पैसा आला निवृत्तिवेतनाच्या वाटेने, आणि फार सावकाश आला. जर्मनीत बिस्मार्कने १८८९ साली सत्तरीपुढच्या कामगारांचा विमा काढला. ब्रिटनने १ जानेवारी १९०९पासून सत्तरीपुढच्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंग द्यायला सुरुवात केली आणि ते पोस्टाच्या खिडकीतून दिले. आपल्याकडे राज्याराज्यांच्या योजना निघाल्या. महाराष्ट्राची संजय गांधी निराधार योजना १९८०ची, आणि मराठवाड्या-विदर्भातल्या म्हाताऱ्या बायका तिच्या रकमेला आजही निराधारचा पगार म्हणतात. केंद्राची वृद्धापकाळ योजना १५ ऑगस्ट १९९५ला सुरू झाली, पासष्टीपुढच्या निराधारांना महिना ७५ रुपये देणारी. पुढे केंद्राने ते २०० केले आणि ऐंशीच्या आतल्यांसाठी केंद्राचा वाटा आजही तेवढाच आहे. आदिलाबादकडे खरा बदल झाला तो २०१४मध्ये. जूनमध्ये तेलंगण राज्य झाले, १९ ऑगस्टला एका दिवसात राज्यातल्या घरोघरची पाहणी झाली, आणि नोव्हेंबरात आसरा योजना आली. २०० रुपयांचे एकदम १,००० झाले. जून २०१९मध्ये २,०१६ झाले. २०२२मध्ये वयाची अट ५७वर आली. विधवा, अपंग, विणकर, विडी कामगार अशा सगळ्यांना धरून राज्यातल्या लाभार्थ्यांची संख्या ४० लाखांच्या घरात गेली.

या रकमेने काय बदलले ते पेन्शनच्या दिवशी खेड्यातल्या पोस्टासमोर दिसते. मशीन घेऊन बसलेला पोस्टमास्तर, ओट्यावर रांगेने टेकलेल्या म्हाताऱ्या, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले आधारकार्ड. अंगठा मशीनवर लागत नाही, कारण आयुष्यभर निंदण-खुरपण आणि कापूस वेचून बोटांच्या रेघा झिजल्या आहेत. पदराला अंगठा पुसायचा, पुन्हा लावायचा, मग दुसरे बोट. पैसे मिळाले की आधी किराणा दुकानाची उधारी, मग औषधाच्या गोळ्या, चहापत्ती-साखर, नातवाला काहीतरी. दुकानदाराच्या वहीत पूर्वी घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावाचे खाते असे, आता म्हातारीच्याही नावाने उधारी मिळते, कारण ती फेडणारी रक्कम येणार हे ठरलेले आहे. कापसाच्या मुलखात हे फार मोठे आहे. इथे शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो तो दिवाळीनंतर, कापूस बाजारात गेल्यावर. पावसाळ्यात घर उसनवारीवर चालते. अशा घरात बारा महिने, पाऊस पडो न पडो, ठरलेली रक्कम आणणारी व्यक्ती एकच, आणि ती घरातली सर्वांत म्हातारी.

यावर पहिला आक्षेप राजकीय आहे: ही मतांची खरेदी आहे, हिला बाजार कसे म्हणायचे? हेतू राजकीय होता हे उघड आहे, तसा तो ब्रिटनमध्येही होता. पण हेतू काहीही असला तरी पैसा हातात पडल्यावर तो स्वतःचे काम करतो. शिवाय खरेदी झाली म्हणावे तर विकत घेतलेली वस्तू ताब्यात राहायला हवी. २,०१६ रुपये देणारा पक्ष डिसेंबर २०२३मध्ये सत्तेवरून गेला, आणि त्या निवडणुकीत दुसऱ्या पक्षाचे आश्वासन ४,००० रुपयांचे होते. म्हातारा मतदार भाव करतो, तुलना करतो, आणि हे ग्राहकाचेच लक्षण आहे. ही तुलना राज्याच्या सीमेपलीकडेही पोचली. २०१८मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद भागातल्या गावांनी आम्हाला तेलंगणात घ्या अशी मागणी केली, तेव्हा तिथल्या योजना आणि पेन्शन हा त्यांचा मोठा मुद्दा होता. महाराष्ट्राने आपल्या निराधारांची रक्कम २०२३मध्ये १,५०० केली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती आणि तेलंगणातल्या केरामेरी यांच्यामधल्या वादग्रस्त सीमावर्ती गावांत तर दोन्ही राज्यांची रेशनकार्डे आहेत, आणि दोन्हीकडच्या योजनांचा लाभ घेणारी माणसेही आहेत. सीमावादाची भाषा आपल्या पिढीने शाळा, पाट्या आणि न्यायालये यांच्या संदर्भात ऐकली. त्या गावांतल्या वृद्धांनी तिच्यात दरमहा मिळणाऱ्या रकमेची भर घातली आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पैसा येतो म्हातारीच्या नावावर आणि जातो मुलाच्या खिशात; पोस्टाच्या पायरीवरच तिच्याकडून तो काढून घेतला जातो, कधी दारूतही जातो. हे होते, आणि ते झाकून उपयोग नाही. पण रक्कम कुणाच्या हातून घरात येते यामुळे फरक पडतो, याचा पुरावा आहे. दक्षिण आफ्रिकेत नव्वदीच्या दशकात कृष्णवर्णीयांना पूर्ण दराने वृद्धवेतन मिळू लागले. अर्थतज्ज्ञ एस्तेर दुफ्लो यांनी तिथल्या घरांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. पेन्शन आजीला मिळत असेल तर घरातल्या नातींची वाढ सुधारलेली दिसली, आजोबांना मिळत असेल तर तसा परिणाम दिसला नाही. आदिलाबादच्या प्रत्येक घरात असेच घडते असे यावरून सिद्ध होत नाही. पण म्हातारीने नातवंडांवर केलेला खर्च हा तिचाच खर्च आहे, एवढे त्यातून कळते. वृद्धांना विकायचे म्हणजे काठी, डायपर आणि गुडघ्याचे तेल विकायचे, असे समजणारे तिची निम्मी खरेदी पाहतच नाहीत. शाळेची वही, जत्रेतला फ्रॉक, लेकीच्या घरी न्यायचा खाऊ, देवाच्या नावाने बांधून ठेवलेले पैसे हे सगळे तिच्याच यादीत येते.

तिसरा आक्षेप व्यापाऱ्याचा: दोन हजारांत काय बाजार होणार? खरा पैसा पुण्यातल्या निवृत्त अधिकाऱ्याकडे, ज्याला ज्येष्ठांच्या संकुलात घर घेता येते. एका माणसाचा हिशेब केला तर हे बरोबर आहे. पण एखाद्या खेड्यात शंभर पेन्शनर असले तर महिन्याला दोन लाखांवर रक्कम येते, एकाच आठवड्यात, एकाच ठिकाणी, बहुतेक तिथल्या तिथेच खर्च होणारी. शहरातल्या ज्येष्ठाचा पैसा ठेवींत आणि म्युच्युअल फंडात थांबतो, हा पैसा थांबत नाही. आणि श्रीमंत वृद्धांच्या देशातही टिकलेली दुकाने साध्या सोयींवर टिकली आहेत. टोकियोच्या सुगामो भागातली एक जुनी बाजारपेठ जपानभर आजीबाईंची बाजारपेठ म्हणून ओळखली जाते. देवळाला येणाऱ्या म्हाताऱ्यांमुळे ती वाढली. किमतीच्या पाट्या मोठ्या अक्षरांत, बसायला जागा, आणि रोजच्या वापराच्या वस्तू: चपला, अंगात घालायचे उबदार कपडे, मिठाई, औषधी. मावल्यापासून आदिलाबादच्या बाजारापर्यंत हे सगळे करायला भांडवल लागत नाही, लक्ष लागते.

ते लक्ष कुठे कमी पडते, हे भाषेपाशी सर्वांत स्पष्ट दिसते. आज ऐंशीच्या पुढे असलेला इथला मराठी माणूस जन्मला तेव्हा सरकारी भाषा उर्दू होती. पोरवयात किंवा तारुण्याच्या उंबऱ्यावर असताना तो तेलुगू राज्यात गेला. शिकलेल्यांचीच ही गत, तर न शिकलेल्या बहुसंख्य बायकांना औषधाच्या पाकिटावरचे इंग्रजी, अर्जावरचे तेलुगू आणि मोबाइलवर येणारा संदेश सारखेच परके. हैदराबाद राज्यात १९४०च्या दशकात गोंड मुलांसाठी मारलवाईला शाळा निघाल्या, तेव्हा मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोंडीची पुस्तके देवनागरीत काढली आणि शिकवण्यासाठी मराठीचा आधार घेतला, कारण इथल्या गोंडांना मराठी कळत होती. ऐंशी वर्षांपूर्वी जे शाळेला सुचले ते आज औषधाच्या दुकानाला, बँकेला आणि विमा कंपनीला सुचत नाही. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे मराठीत किंवा गोंडीत तोंडी सांगणारा माणूस ठेवला, तर म्हातारी पुढच्या महिन्यात त्याच दुकानात येईल. तिचे बोलणे ऐकून घेणारी जागा आज बहुतेकदा भोंदू औषधवाल्याची, चढ्या व्याजाने पैसे देणाऱ्याची किंवा फोनवरून ओटीपी मागणाऱ्या भामट्याची असते. त्यांना तिची भाषा येते आणि तिचा पेन्शनचा दिवसही माहीत असतो. प्रामाणिक व्यापाराने सोडलेली जागा रिकामी राहत नाही.

वृद्ध ग्राहक समजून घ्यायला नवे शास्त्र लागते, असे मानायचे कारण या मुलखाच्या इतिहासात सापडत नाही. लुगड्याने दाखवले की सवयीवर चाललेला व्यापार सवयीबरोबर संपतो. मुधोळने दाखवले की अंतर, सोबत, भीती आणि समजूत हे अडसर काढले तर सर्वांत गरीब म्हातारा माणूसही स्वतःहून येतो. आसराने दाखवले की हातात स्वतःचा पैसा आला की त्याचे घरातले आणि बाजारातले स्थान दोन्ही बदलते. पैसा सरकारने दिला आहे, अडसरांची यादी डोळ्यांच्या डॉक्टरांनी करून ठेवली आहे. दुकानदार, बँका आणि औषध कंपन्या यांच्याकडे राहिलेले काम एवढेच: दुकानात एक बाकडे ठेवा, किंमत मोठ्या अक्षरांत लिहा, आणि गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत बोला.